वॉशिंग मशीनचा ड्रम फिरत नाहीये: स्वतः उघडायचं, टेक्निशियन बोलवायचा की मशीनच बदलायचं?

पाणी भरतंय, डिस्प्ले चालू आहे, कपडे भिजलेत, पण ड्रम जागचा हलत नाही. मग घरात तीन मतं पडतात: कोणी म्हणतं व्हिडिओ बघून आपणच उघडू, कोणी म्हणतं माणूस बोलवा, आणि कोणीतरी असतंच जे म्हणतं किती वर्षं झाली याला, नवीनच घेऊ. तिन्ही मतं आपापल्या जागी बरोबर असू शकतात, फक्त ते मशीनच्या वयावरून किंवा आपल्या वैतागावरून ठरवू नका, बिघाड कुठे आहे त्यावरून ठरवा, आणि तेवढं कळायला बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

आधी ज्यात खर्च शून्य ते बघून घ्या. फ्रंट लोडमध्ये दार लॉक झाल्याचा टक् असा आवाज येतो का ऐका, तो आला नाही तर मोटर सुरूच होणार नाही. पाणी तळाशी साचलेलं असेल तर स्पिन होत नाही, त्यात ड्रमचा दोष नाही, खालचा फिल्टर उघडून नाणी, पिना, बटणं काय निघतंय बघा (खाली ताट आणि फडकं ठेवून, नाहीतर पूर येईल). एकच जाड चादर टाकली असेल तर मशीन दोनचार वेळा प्रयत्न करून बॅलन्स जमत नाही म्हणून सोडून देतं. आणि पल्सेटरवालं टॉप लोड असेल तर धुताना ड्रम फिरत नसतोच, खालची चकती फिरते, ड्रम फिरतो तो फक्त स्पिनला. हे माहीत नसल्यामुळे पण लोक कंप्लेंट टाकतात. नवंकोरं फ्रंट लोड असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले) काढलेत का तेही बघा.

एवढं करून झालं की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही, आणि रिकामा ड्रम हाताने फिरवा. टॉप लोडमध्ये ड्रमला ब्रेक लागलेला असतो म्हणून तिथे चकती फिरवून बघा. आता तीनपैकी एक होईल. ड्रम अगदी हलका, भिंगरीसारखा फिरला, मागे कसलीच ओढ नाही, तर मोटर आणि ड्रमला जोडणारा बेल्ट तुटलाय किंवा उतरलाय. नेहमीसारखी थोडी ओढ लागली आणि मागे मोटर घरघरल्याचा बारीक आवाज आला, तर यांत्रिक बाजू ठीक आहे, भानगड इलेक्ट्रिकल आहे. आणि ड्रम हललाच नाही किंवा खरखर करत फिरला, तर बेअरिंग तरी गेलंय नाहीतर काहीतरी मध्ये अडकलंय. डायरेक्ट ड्राइव्हवाल्यांनी एक लक्षात ठेवा, तुमच्यात मोटर थेट ड्रमला जोडलेली असते, बेल्ट नसतोच, आणि आतल्या मॅग्नेटमुळे ड्रम हाताने फिरवताना थोडा टप्प्याटप्प्याने फिरल्यासारखा लागतो, ते नॉर्मल आहे.

बेल्टच्या बाबतीत माझं मत सरळ आहे, हे काम स्वतः करा. मागचं कव्हर काढलं की मोठी पुली समोरच दिसते. जुन्या बेल्टवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ १२७० जे ५, म्हणजे लांबी १२७० मिलिमीटर, जे हा खाचांचा प्रकार आणि ५ खाचा, नेमका तोच आणायचा, जवळपासचा नाही. आधी मोटरच्या छोट्या पुलीवर बसवा आणि मग मोठी पुली हळूहळू फिरवत वर चढवा, सायकलची उतरलेली चेन चढवतो तसंच. बेल्ट शाबूत आहे पण सारखा उतरतोय असं असेल तर मात्र थांबा, कारण मग पुली सैल झालेली असते किंवा बेअरिंगमध्ये खेळ (ढिलेपणा) आलेला असतो आणि नवा बेल्ट पण उतरणारच.

ओढ नॉर्मल आहे पण मोटर गप्प आहे, ही केस जास्त इंटरेस्टिंग आहे आणि सगळ्यात जास्त फसवाफसवी पण इथेच होते. बेल्टवाल्या फ्रंट लोडमध्ये बऱ्याचदा कार्बन ब्रशची मोटर असते. ब्रश म्हणजे कार्बनचे दोन ठोकळे, मागे स्प्रिंग, ते मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या तांब्याच्या भागावर (कम्युटेटर) घासत राहतात आणि घासून घासून संपतात, संपण्यासाठीच असतात ते. लक्षण असं की मशीन आज चालतं उद्या नाही, ड्रमला हाताने जरा धक्का दिल्यावर पुढची सायकल निघते, कधी जळका वास येतो. मोटर दोन किंवा चार बोल्टवर असते, ती काढून ब्रश बाहेर घेतला की दिसतंच, नवा साधारण तीन चार सेंटिमीटरचा असतो आणि सेंटिमीटरभर उरला असेल तर त्याचा खेळ संपला. दोन्ही एकदम बदलायचे, काढण्याआधी फोटो काढायचा, आतली काळी पूड ब्रशने झटकायची. सुरुवातीला थोड्या ठिणग्या दिसल्या तर घाबरू नका, नवा ब्रश बसेपर्यंत तसं होतं. आता याच बिघाडासाठी कोणी येऊन मोटरच गेली म्हणालं तर ब्रश काढून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. इन्व्हर्टर मोटरला ब्रश नसतातच, तिथे कोणी ब्रश बदलल्याचं सांगत असेल तर त्याला चहा पण देऊ नका.

मोटर गप्प नाही, हूं करून अडकल्यासारखी होतेय, असं सेमी ऑटोमॅटिक किंवा जुन्या टॉप लोडमध्ये झालं तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या पार्टवर. लोकांची आवडती टेस्ट म्हणजे चालू मशीनमध्ये चकतीला धक्का द्यायचा, फिरली तर कपॅसिटर. टेस्ट बरोबर आहे पण पाणी आणि करंट एका जागी असताना हात घालायचा नाही, काठीने पण नको. कपॅसिटर मोजता येतो असा मल्टीमीटर असेल तर १० मायक्रोफॅरड लिहिलेलं असताना ६ दाखवतंय म्हणजे गेला. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. पण प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, आणि हे वाचून तुम्हाला थोडं जरी घाबरायला झालं तर हे काम टेक्निशियनलाच द्या, दहा मिनिटांचं आहे, त्याला पण परवडतं.

बाकी इलेक्ट्रिकल गोष्टी, म्हणजे बोर्ड, टॅको सेन्सर, हॉल सेन्सर (मोटरचं फिरणं ओळखणारा), उंदराने कुरतडलेली वायर, यात स्वतः पडण्यात अर्थ नाही असं माझं म्हणणं, वायर डोळ्याला दिसत असेल तर ठीक. ड्रम एकदम सुसाट सुटून बंद पडत असेल तर टॅको बघायला सांगा, तो वेग मोजतो, त्याच्याकडून सिग्नल नाही आला की बोर्डाला कळत नाही ड्रम किती फिरतोय. एरर कोड आला असेल तर लिहून ठेवा, एलजीवर एलई म्हणजे मोटर लॉक, सॅमसंगवर थ्रीई म्हणजे मोटरची तक्रार, पण कोड कुठल्या भागात गडबड आहे तेवढंच सांगतो, कुठला पार्ट गेला ते नाही. एलई तर नुसते कपडे कोंबल्यामुळे पण येतो.

टेक्निशियनमध्येही दोन पर्याय आहेत आणि त्यांचा हिशोब वेगळा आहे. कंपनीचा माणूस शक्यतो अख्खा पार्ट बदलतो, बोर्ड गेला तर बोर्ड, पार्ट ओरिजिनल मिळतो पण बिल मोठं येतं. बाहेरचा चांगला कारागीर बोर्डवरचा जळालेला एकच पार्ट बदलून देऊ शकतो, पण त्याने काय लावलं ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून जुना पार्ट मागून घ्या. वॉरंटीत असाल तर विचार करायलाच नको, कंपनी, आणि स्वतः एक स्क्रू पण काढू नका. मात्र इन्व्हर्टर मोटरवर दहा वर्षं असं लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा फक्त मोटरपुरतं असतं, बोर्ड आणि लेबर त्यात धरलेलं असेलच असं नाही, कार्ड वाचून मग फोन करा.

राहिला जाम झालेला ड्रम. आधी टॉर्च लावून रबरी गॅस्केटच्या घडीत आणि ड्रमच्या भोकांतून बघा, ब्राची तार किंवा छोटा मोजा ड्रमबाहेरच्या टबमध्ये जाऊन अडकलेला असतो, कधी चिमट्याने निघतो. बेअरिंग असेल तर ते अचानक गेलेलं नसतं, स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज कित्येक दिवस चालू असतो आणि आपण दार लावून घेतो. ड्रमची कड धरून वरखाली हलवा, खेळ जाणवला तर बेअरिंगच. आधी पाणी अडवणारं रबरी सील गळतं, मग पाणी बेअरिंगमध्ये जातं, मग गंज, आणि तसंच चालवत राहिलं तर ड्रमला धरून ठेवणारा मागचा स्पायडर पण खराब होतो. हे घरी करायचं काम नाही, अख्खं मशीन खोलावं लागतं आणि आत वजनासाठी बसवलेल्या काँक्रीटमुळे ते उचलायला दोघं लागतात. शिवाय बऱ्याच फ्रंट लोडचा टब आता वेल्ड केलेला येतो, म्हणजे बेअरिंग एकटं निघत नाही, टब कापून परत बोल्ट मारून सील करावा लागतो किंवा पूर्ण टब असेंब्ली बदलावी लागते. नवीन मशीनचा विचार खरं तर इथेच करायचा: वेल्ड केलेला टब, बेअरिंग गेलेलं, वर बोर्डपण रडतोय, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. टब बोल्टवाला असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर बेअरिंग आणि सील दोन्ही एकत्र बदलून घ्या, नुसतं बेअरिंग बदललं तर जुनं सील परत गळणार.

फोन करताना मशीन बंद पडलंय एवढंच सांगू नका. मॉडेल नंबर, बेल्टवालं की डायरेक्ट ड्राइव्ह, हाताने ड्रम कसा फिरतोय, आवाज येतो का, कोड काय आलाय, हे सांगितलं तर माणूस येताना योग्य तो पार्ट घेऊन येतो आणि तुमची दुसरी व्हिजिट वाचते.