‘पाचशे दंड भरा, घरी जा’ म्हणणाऱ्यापासून सांभाळा

माझ्या मावसबहिणीला ठाणे जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनबाहेरून रात्री पोलिसांनी उचललं. लावलं ‘पिटा’, म्हणजे १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याचं कलम ८, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावल्याचं. सकाळी मावशी आणि मी कोर्टाच्या आवारात उभ्या होतो, तिथे तो आला. पांढरा शर्ट, गळ्यात वकिलाचा बँड, काखेत फायली.

“ताई, घाबरू नका, आतले सगळे आपलेच आहेत. गुन्हा कबूल करायचा, पाचशे दंड, दुपारी पोरगी घरी. नाहीतर वर्षानुवर्षं तारखा, आणि पेपरात नाव येईल ते वेगळं.”

नावाचं ऐकून मावशीचा धीरच सुटला. गळ्यातलं गहाण टाकून तिने ३५ हजार आणले. पावती मागितली तर म्हणाला, “असल्या कामाची पावती नसते.” बहिणीला त्याने व्हरांड्यातच पढवलं, साहेबांनी विचारलं की ‘कबूल’ म्हण, दुसरं अक्षर बोलू नकोस. ती तसंच म्हणाली. हातात आली ती कोर्टाची ५०० रुपयांची पावती. बाकीचे साडेचौतीस हजार घेऊन तो निघून गेला, नंतर फोनही उचलेना. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच्याकडे सनदच, म्हणजे वकिलीचा परवानाच नाही.

पैशांपेक्षा जास्त चीड येते ती त्याने झाकून ठेवलेल्या गोष्टींची. कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती रेकॉर्डवर राहते. पुन्हा हेच कलम लागून दोष ठरला तर शिक्षा वर्षापर्यंत जाते. कलम १०-अ खाली तर कोर्ट दोषी बाईला कैदेऐवजी २ ते ५ वर्षं सुधारगृहात पाठवू शकतं. मावशीला हे कुणी सांगितलं असतं तर ती सोनाराकडे गेलीच नसती. शिवाय कबुलीवर शिक्षा झाली की अपील जवळजवळ बंद होतं, फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यावरच करता येतं.

आणि लढायला जागा होती. हा गुन्हा जामीनपात्र आहे. रात्री स्टेशनबाहेर नुसतं उभं राहणं या कलमात बसत नाही. वेश्याव्यवसायासाठी खुणावलं, बोलावलं किंवा त्याच हेतूने घुटमळली, हे सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं. साक्षीदार कोण, सीसीटीव्हीत काय दिसतं, वॉरंटशिवाय केलेल्या अटकेला विशेष पोलीस अधिकाऱ्याची मंजुरी होती का, हे सगळं विचारता आलं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तर स्पष्ट म्हटलंय की या कायद्याने वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही.

वकील फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००. आवारात कुणी गाठलं तर आधी सनद क्रमांक मागा, कोऱ्या कागदावर सही देऊ नका, आणि न्यायाधीशांना सरळ सांगा, “मला वकील हवाय.” एवढं म्हटलं की कबुलीची घाई थांबते.

प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी आता सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल तपासून पाहा असा अर्ज, दाखल केलाय. त्या माणसाविरुद्ध आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, आणि तिला सोनाराकडच्या गहाणाची पावती जोडली आहे.