नाइटवाल्यांचा डबा: जेवण मागवा, चिठ्ठी फेकून द्या

मी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू खास नाइटवाल्यांसाठी डबा देतात. ग्रुपवर बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

संध्याकाळी सातला जेवण, सकाळी साडेआठला नाश्ता, दोन्ही मिळून 150 रुपये. जेवणात दोन ज्वारीच्या भाकऱ्या, उसळ किंवा पिठलं, एक पालेभाजी, कोशिंबीर आणि रात्रीसाठी ताकाची छोटी बाटली. मटकीला चांगले लांब मोड आलेले असतात आणि उसळ तेलात पोहत नाही. शेंगदाण्याचं कूट लावलेली मेथीची पातळ भाजी ज्या दिवशी असते, त्या दिवशी डबा उघडल्याबरोबर लॅबमधल्या स्पिरिटच्या वासावर लसणाची फोडणी मात करते. भाकरी फडक्यात गुंडाळून येते, त्यामुळे वातड होत नाही. सकाळी थालीपीठ नाहीतर मुगाची धिरडी. पोहे मात्र कोरडे. त्या दिवशी मी चहात बिस्किटं बुडवते.

मध्यरात्री ड्यूटीवर जेवण मिळत नाही, हीच सगळ्यांची मुख्य तक्रार. मीही विचारून पाहिलं होतं, "काकू, दोनच्या सुमाराला काहीतरी गरम पाठवाल का? वडापाव खाऊन कंटाळा आलाय."

"अगं, तू जागी असलीस तरी पोट झोपलेलं असतं. सातला जेव आणि जा," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

काकूंचं बरोबर आहे. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 19 निरोगी माणसांना लॅबमध्ये ठेवून खोटी नाइट ड्यूटी करायला लावली. निम्म्यांना रात्रीही जेवण, बाकीच्यांना फक्त दिवसाच्या वेळात. 2021 साली निष्कर्ष आले: रात्री जेवणाऱ्यांची रक्तातली सरासरी साखर 6.4 टक्क्यांनी चढली, दिवसा जेवणाऱ्यांची फारशी हलली नाही. कारण सरळ आहे. शरीराची कामं दिवस-रात्रीच्या तालावर चालवणारी घड्याळं शरीरातच असतात: मेंदूतलं मुख्य घड्याळ उजेडावर लागतं, यकृताचं जेवणाच्या वेळेवर. रात्री मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक चढलेलं असताना स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन हात राखूनच सोडतं. अशा वेळी बटाटावडा पोटात गेला की दोन घड्याळांची फारकत सुरू.

आता चिठ्ठीबद्दल. हल्ली डब्यासोबत एक गुलाबी कागद येतो, काकूंच्या मुलाने छापलेला: 'शरीराच्या घड्याळानुसार आहार'. त्यात रात्री 11 ते 1 पित्ताशय, 1 ते 3 यकृत, 3 ते 5 फुप्फुस असं वेळापत्रक. व्हॉट्सअॅपवर फिरतो तोच तक्ता. पाळीपाळीने अवयव कामाला लागतात असं काही नसतं; जवळजवळ प्रत्येक पेशीत स्वतःचं घड्याळ असतं आणि ती सगळी एकाच वेळी चालू असतात. ठरावीक जीन प्रथिनं बनवतात, तीच प्रथिनं साठली की त्या जीनना गप्प करतात, ती मोडली की पुन्हा सुरुवात. एक फेरा साधारण 24 तासांचा. ही यंत्रणा फळांवर घोंघावणाऱ्या फळमाश्यांमध्ये उलगडून दाखवल्याबद्दल 2017 चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट तर आमच्याच जांभळ्या टोपणाच्या, रक्ताच्या ट्यूबमध्ये असते. तांबड्या पेशीत जीन सांभाळणारं केंद्रक नाही, म्हणजे जीनचं काम बंद. तिथे घड्याळ कुठून असणार? 2011 मध्ये केंब्रिजच्या ओनील आणि रेड्डी यांनी तांबड्या पेशी शरीराबाहेर, अंधारात, 37 अंशांवर ठेवल्या आणि काही तासांच्या अंतराने तपासत राहिले. त्यातलं पेरॉक्सिरेडॉक्सिन हे प्रथिन चोवीस तासांच्या तालावर ऑक्सिडाइझ होत होतं आणि पुन्हा मूळ रूपात येत होतं, दिवसेंदिवस. हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहता वाहता जी घातक रसायनं तयार करतं, त्यातलं हायड्रोजन पेरॉक्साइड निकामी करणं हे या प्रथिनाचं काम. मी रोज या पेशी मोजते, तरी हे वाचल्यावर रॅकमधल्या ट्यूबांकडे जरा वेळ बघत बसले होते.

म्हणूनच 40 रुपये जादा देऊन मिळणाऱ्या 'अँटिऑक्सिडंट लाडू'वर माझा राग आहे. खजूर, जवस, डिंक. चवीला छान, पण 'रात्री दोनला घ्या, जागरणाचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घालवा' असं चिठ्ठीत लिहिलंय. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे अशाच घातक रसायनांनी होणारी पेशींची झीज. काकू ज्या वेळी भाकरी द्यायला तयार नाहीत, त्या वेळी मुलगा गोड खायला सांगतो! पेशीची झीज रोखणारी बरीचशी व्यवस्था त्या घड्याळाशीच बांधलेली असते. बीमल-1 हा घड्याळाचा जीन काढून टाकलेल्या उंदरांच्या ऊतींमध्ये फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारी रसायनं, साठतात आणि ते लवकर म्हातारे होतात, हे 2006 मध्येच दिसलं. त्यावर खजुराचा उतारा चालतो असं कुणी दाखवलेलं नाही. लाडू हवाच असेल तर सकाळच्या नाश्त्याबरोबर खा.

रात्री फक्त ताकावर निघते का? माझी निघते. पहिले काही दिवस तीनच्या सुमाराला पोटात कावळे ओरडतात, मग सवय होते. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये. आमच्या वॉर्डमधल्या एका सिस्टरना डॉक्टरांनी रात्री थोडं खायला सांगितलंय, त्या खातात.

बाकी तक्रारी किरकोळ. ताकाच्या बाटलीचं झाकण गळतं, पिशवीत उभीच ठेवा. रविवारी बंद, म्हणजे नेमकं कॅज्युअल्टी भरलेली असते तेव्हा. उसळ कधीकधी फार तिखट. आधी सांगितलं तर कमी करतात. जेवणाला पाचपैकी साडेचार, चिठ्ठीला शून्य. ऑर्डर आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत द्यायची, आणि रिकामा डबा घासून परत करायचा, नाहीतर काकू दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलतात.