बीटलचे जुने १६०० सीसी इंजिन: मागितलेली किंमत आणि आतून निघालेली किंमत

फोक्सवॅगन बीटलसाठी मी गेल्या वर्षी एक वापरलेले १६०० सीसी इंजिन विकत घेतले, ते पूर्ण खोलले, मशीनिंग करून पुन्हा बांधले, आणि आता ते गाडीत बसून काही महिने झाले आहेत. त्यामुळे विक्रेत्याने सांगितलेली किंमत, मी दिलेली किंमत आणि इंजिन खोलल्यावर आतून निघालेली किंमत या तिन्हींचा ताळा आता मांडता येतो. चलन आणि बाजार जागोजागी बदलतात, म्हणून सगळा हिशेब मी एकाच मापात केला आहे: एकही जुना भाग हाताशी नसताना असे इंजिन सुटे भाग, मशीनिंग आणि मजुरी धरून मुळापासून उभे करायला जो खर्च येतो, तो १०० धरला आहे. विक्रेत्याने ६५ मागितले होते, मी ३५ दिले. इंजिनाच्या रचनेबद्दल माझे मत उत्तम आहे आणि ३५ ही किंमत मला रास्त वाटते. पण ६५ ज्या गोष्टींच्या जोरावर मागितले गेले होते, त्यांपैकी एकही तपासणीत टिकली नाही.

इंजिन एडी मालिकेतले होते, म्हणजे ऑगस्ट १९७०पासून आलेले, प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, हवा-पेट्रोल आत घेणारी दोन स्वतंत्र तोंडे (इनलेट पोर्ट) असलेले, १५८४ सीसीचे आणि ५० अश्वशक्तीचे. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६९ मिलिमीटर. बीटलचे उत्पादन ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत थांबले, तोवर २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. या आकड्याचा किंमतीशी थेट संबंध आहे. एवढ्या गाड्यांमुळे पिस्टन, बॅरल, बेअरिंग, गॅसकेट असे झिजणारे भाग आजही नवे मिळतात, आणि सिलिंडर सुटे असल्यामुळे ब्लॉक बोअर करण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून ‘पिस्टन नवे टाकले आहेत’ या वाक्यावर जुन्या बीटल इंजिनाची किंमत वाढवून देणे मला पटत नाही. पिस्टन कोणीही बदलू शकतो. पैसे मोजायचे ते पुन्हा सहज न मिळणाऱ्या तीन वस्तूंसाठी: सरळ आणि अखंड क्रँककेस (इंजिनाचे मुख्य कवच, पुढे नुसते ‘केस’), न घासलेली किंवा कमी घासलेली क्रँकशाफ्ट (पिस्टन जिला फिरवतात तो दांडा, पुढे ‘क्रँक’), आणि तडा न गेलेली हेड. माझ्या हिशेबात १००पैकी केसचे २५, क्रँकशाफ्टचे १५, दोन्ही हेडचे मिळून २०, पंखा, पत्रे, कार्बोरेटर, जनरेटर अशा बाहेरच्या साहित्याचे १५, आणि उरलेले २५ पिस्टन, बेअरिंग, बाकीचे किरकोळ भाग आणि मजुरीचे होते. दुसऱ्या एखाद्या दुर्मीळ इंजिनात ही वाटणी पार वेगळी असेल, कारण तिथे एका साध्या वॉटर पंपासाठीसुद्धा महिनोन्महिने शोध घ्यावा लागतो. पण कोणता भाग बाजारात मिळत नाही हे आधी ठरवून मग किंमतीकडे वळण्याची पद्धत तिथेही हीच राहील.

आता तपासणी. इंजिन दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेले होते आणि त्याच्या पत्र्यांवर ताजा काळा रंग मारलेला होता. विक्रेत्याचे म्हणणे असे की, इंजिन चालते आहे, गाडीतून उतरवले तेव्हा एका सेल्फमध्ये सुरू होत होते आणि काही हजार किलोमीटरांपूर्वीच बांधून घेतलेले आहे. बांधणीची पावती मात्र नव्हती. मी रंगाकडे लक्ष न देता खाली वाकून क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरली आणि ती आधी आत ढकलली, मग बाहेर ओढली. हा प्रयोग करायला अर्धा मिनिट लागतो, एकही पाना लागत नाही, आणि बीटलचे इंजिन घेणाऱ्याने सर्वांत आधी तोच करावा असे माझे ठाम मत आहे. चांगल्या इंजिनात हाताला जवळजवळ काहीच जाणवत नाही. इथे प्रत्येक वेळी ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला आणि बोटांना धातूवर धातू आदळल्याचा हिसका बसला. सोबत नेलेला डायल गेज (बारीक सरक मोजणारे उपकरण) लावला तर प्ले, म्हणजे क्रँकची पुढेमागे सरकण्याची मोकळीक, ०.२५ मिलिमीटर निघाला. कारखान्याचे माप ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर आहे आणि झिजेची मर्यादा ०.१५ आहे.

विक्रेत्याने सांगितले की हा फक्त शिमचा, म्हणजे मोकळीक भरून काढणाऱ्या पातळ चकत्यांचा, प्रश्न आहे. हे उत्तर पूर्णपणे चूक नाही, आणि म्हणूनच ते फसवे ठरू शकते. या इंजिनात क्रँकचा पुढेमागे होणारा दाब फ्लायव्हीलकडचे पहिले मुख्य बेअरिंग झेलते आणि प्ले फ्लायव्हीलच्या मागच्या तीन शिमच्या एकूण जाडीने ठरवला जातो, त्यामुळे मागच्या मिस्त्रीने चुकीचे शिम बसवले असतील तर एवढा प्ले दिसू शकतो. पण केस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, आणि ते बेअरिंग आपल्या बैठकीत सैल होऊन हलू लागले की मऊ धातूवर ठोके मारत राहते. मग बैठक रुंद होते आणि कितीही शिम टाकले तरी दोष काही दिवसांत परत येतो. दोन्हींपैकी कोणते कारण आहे हे केस खोलल्याशिवाय कळत नाही. विक्रेता खोलू द्यायला तयार नसेल, तर किंमत दुसरे, म्हणजे महागडे कारण धरूनच ठरवायला हवी, कारण न पाहिलेल्या भागाची जोखीम त्या क्षणापासून घेणाऱ्याची होते.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासण्यासाठी थोडी तयारी करावी लागली. बीटलचा स्टार्टर गिअरबॉक्सच्या केसिंगवर बसतो, इंजिनावर नाही; म्हणून जमिनीवर ठेवलेले इंजिन सेल्फने फिरवायचे तर गिअरबॉक्सची कापलेली, इंजिनाकडची बाजू, स्टार्टर आणि बॅटरी बरोबर न्यावी लागते. हे साहित्य उसने मिळत असेल तर जरूर न्यावे. चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मी वाचन घेतले: पहिला सिलिंडर १०५ पीएसआय, दुसरा ११०, चौथा १००, आणि तिसरा केवळ ७०. इंजिन थंड असताना आकडे कमीच येतात, म्हणून मी मूळ आकड्यांपेक्षा आपसांतल्या फरकाकडे पाहिले, आणि तो मोठा होता. गळती रिंगमधून आहे की व्हॉल्व्हमधून हे ओळखण्यासाठी तेल घालून पुन्हा मोजण्याची नेहमीची युक्ती या इंजिनात फारशी भरवशाची नाही, कारण सिलिंडर आडवे असल्याने तेल खालच्या बाजूला साचते आणि रिंगच्या पूर्ण घेरापर्यंत पोचत नाही. त्याऐवजी तिसऱ्या सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडली, तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस स्वच्छ ऐकू आली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता.

तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळणे हा या इंजिनाचा जुना, ओळखीचा आजार आहे. आधीच्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा असे आणि तिसऱ्या सिलिंडरला जाणारी हवा त्याच्यामुळे कमी पडे; १९७१च्या मॉडेलपासून कूलर वेगळ्या कप्प्यात सरकवला गेला आणि हा दोष बराच कमी झाला. एडी मालिकेच्या इंजिनावर नवे आवरण असायला हवे होते, पण माझ्यासमोरच्या इंजिनावर जुने आवरण होते. याचा सरळ अर्थ असा की बाहेरचे साहित्य दुसऱ्या एखाद्या इंजिनावरून आणून जोडलेले होते. तसे करण्यात गैर काही नाही, पन्नास वर्षांच्या इंजिनांत ते चालायचेच. पण मग ‘मूळ इंजिन’ या शब्दांसाठी वेगळी किंमत मागता येत नाही.

क्रमांकाबद्दलही इथेच लिहितो. इंजिनाचा क्रमांक जनरेटरच्या स्टँडखाली केसवर ठोकलेला असतो आणि तो हाताने घासला किंवा पुन्हा ठोकला गेला आहे का, हे उजेडात नीट पाहावे. गाडीच्या कागदांशी जुळणारा क्रमांक ही त्या एकाच गाडीच्या मालकासाठी मोठी गोष्ट आहे आणि त्याने त्यासाठी जास्त पैसे दिले तर ते मला समजते. माझ्या गाडीच्या दृष्टीने तो क्रमांक परकाच होता.

केसची बाहेरून जेवढी तपासणी करता येते तेवढी केली. तिसऱ्या सिलिंडरच्या मागच्या भागात तडा जाण्याची शक्यता असते. तिथला चिकट थर पेट्रोलने पुसून पाहिला, तडा नव्हता. हेड धरून ठेवणाऱ्या लांब बोल्टांचे (स्टडचे) आटे या मऊ केसमधून उपटून येतात, म्हणून तिथे आधीच लोखंडी बुश बसवलेले आहेत का हे विचारले. विक्रेत्याला माहीत नव्हते. केसच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यातून मात्र सिलिकॉनच्या जाड वळ्या बाहेर आलेल्या दिसत होत्या. बाहेर एवढे सिलिकॉन आले आहे म्हणजे आतही आलेले असणार, आणि त्याचे तुकडे सुटून तेल खेचणाऱ्या जाळीवर अडकले तर बेअरिंगचा घात होतो. काळजीने काम करणारा मिस्त्री त्या सांध्यात अतिशय पातळ थर लावतो. ‘नुकतेच बांधले आहे’ हा दावा खरा असला, तरी त्या वळ्यांनी बांधणाऱ्या हाताबद्दल पुरेसे सांगितले.

यानंतर मी विक्रेत्यासमोरच कागदावर आकडे मांडले. केसच्या २५पैकी १२ धरले, कारण बेअरिंगच्या बैठका पुन्हा कापाव्या लागणार हे दिसत होते आणि त्या आधी किती वेळा कापल्या आहेत हे कळायला मार्ग नव्हता; केसच्या बैठका अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने साधारण तीनदा मोठ्या करता येतात, त्यानंतर केस बहुतेक टाकूनच द्यावी लागते. क्रँकशाफ्टचे १५पैकी ८ धरले. हेडच्या २०पैकी फक्त ५, कारण तिसरा सिलिंडर ज्या बाजूला येतो ते डावे हेड मी जवळजवळ शून्य धरले होते. बाहेरच्या साहित्याचे १५पैकी १०, कारण आवरण बदलायचेच होते. बेरीज ३५. विक्रेत्याने आधी नकार दिला, दोन आठवड्यांनी स्वतःहून फोन केला आणि त्याच आकड्याला इंजिन दिले. त्याने कोणताही भाग मध्ये बदलला नाही, पत्र्यांचे छोटे तुकडेसुद्धा मोजून बरोबर दिले. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात एक पत्रा हरवला तरी गरम हवा परत पंख्याकडे वळते, म्हणून या प्रामाणिकपणाची मला कदर आहे.

खोलल्यावर जे निघाले ते असे. क्रँकशाफ्ट मूळ मापाची होती, ही अनपेक्षित आणि आनंदाची गोष्ट ठरली. ती पहिल्या अंडरसाइजला, म्हणजे ०.२५ मिलिमीटरला घासून भागले. केस आधी एकदा कापलेली होती आणि पहिल्या बेअरिंगची बैठक ठोके बसून चेपलेली होती, त्यामुळे ती दुसऱ्या मापाला गेली. डाव्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीटपासून प्लगच्या छिद्रापर्यंत केसासारखा बारीक तडा होता. ते हेड बाद झाले. उजवे हेड नव्या गाइड आणि व्हॉल्व्हवर उभे राहिले. नवे डावे हेड, केसचे आणि क्रँकचे मशीनिंग, योग्य आवरण आणि कूलर, पिस्टनचा संच, बेअरिंग, मजुरी असा सगळा पुढचा खर्च ६२ झाला. आधीचे ३५ मिळवून एकूण ९७. तेच इंजिन मी ६५ला घेतले असते तर १२७ला पडले असते, आणि हातात वस्तू हीच आली असती.

एका बाबतीत मी विक्रेत्यावर अन्याय केला असे मला नंतर वाटले. क्रँकशाफ्ट मूळ मापाची आहे हे तेव्हा माहीत असते तर मी तिचे ८ ऐवजी १२ धरले असते आणि ३९ आनंदाने दिले असते. त्याने तेलाचा पंप आणि चार नट काढून आत डोकावू दिले असते तरी ते कळले नसते. त्यासाठी मागच्या बांधणीच्या वेळी मोजलेले आकडे किंवा बेअरिंगच्या खोक्यावरची मापाची चिठ्ठी जपून ठेवायला हवी होती. मी माझ्या बांधणीच्या सगळ्या पावत्या, मापांची नोंद आणि बेअरिंगच्या खोक्यांची झाकणे एका पाकिटात ठेवली आहेत. फ्लायव्हील बसवताना तीन शिम निवडून प्ले ०.१० मिलिमीटरवर आणला होता. परवा पुन्हा पुली धरून ढकलली-ओढली, हाताला काही जाणवले नाही, आणि गेजवर आकडा तोच होता.