दबलेल्या नसेला मशीनचा शेक : नाशिकमधील दोन केंद्रांचा अनुभव

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि विरळणीच्या दिवसांत मजूर बायकांच्या बरोबरीने मीही कात्री चालवते. गेल्या हंगामात उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होऊ लागली. उठून हात झटकल्याशिवाय मुंग्या जात नसत, करंगळी मात्र ठणठणीत होती. कार्पल टनेल सिंड्रोमची, म्हणजे मनगटात नस दबण्याच्या त्रासाची, हीच खूण, कारण मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ कंडरा आणि अंगठ्याकडे व शेजारच्या बोटांकडे जाणारी मीडियन नस दाटीने जातात, तर करंगळीकडे जाणारी नस त्या बोगद्याबाहेरून जाते.

गंगापूर रोडवरच्या ज्या केंद्रात मी प्रथम गेले, त्याचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे काहीही न तपासता दहा बैठकींचे पैसे आगाऊ घेतले, रोज जेमतेम पाच मिनिटे अल्ट्रासाउंडचा, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींचा, शेक दिला आणि किती तीव्रता लावली हे विचारल्यावर ‘नेहमीचीच’ एवढेच उत्तर मिळाले. दहा दिवसांनी हात होता तसाच होता.

इंदिरानगरमधील दुसऱ्या केंद्रात पहिल्या दिवशी मशीन लावलेच नाही. ‘ताई, रात्री हात झटकावा लागतो का?’ असे विचारून तिथल्या फिजिओथेरपिस्टने दोन्ही मनगटे वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला सांगितल्या, आणि अर्ध्या मिनिटातच मधल्या बोटाला मुंग्या आल्या. मग नसेतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी एनसीव्ही तपासणी, साखर आणि थायरॉइड करून यायला सांगितले, कारण मधुमेह किंवा थायरॉइडची कमतरता असली तरी ही नस दबू शकते. माझ्या नसेवरचा दाब सौम्य ते मध्यम निघाला.

उपचार ठरला तो असा : लहरींची वारंवारता एक मेगाहर्ट्झ, तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एक वॉट, ऊब साठू नये म्हणून थांबूनथांबून सोडलेल्या लहरी आणि प्रत्येक वेळी पूर्ण 15 मिनिटे, पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, नंतर पाच आठवडे दोनदा, एकूण 20 बैठकी. गार जेल लावून मशीनचे डोके तळहाताच्या बाजूने मनगटावर सावकाश गोल फिरवत, आणि जेल पातळ झाले की लगेच पुन्हा लावत, कारण मध्ये हवा राहिली तर लहरी आत पोहोचतच नाहीत. सोनोग्राफीसारखे चित्र यात दिसत नाही, दुखतही नाही.

मला सर्वांत भावला तो त्यांचा खरेपणा. हे वेळापत्रक 1998 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या व्हिएन्नातील अभ्यासाचे आहे, असे त्यांनी सांगितले. त्यात दोन्ही हात दुखणाऱ्या 45 रुग्णांच्या एका मनगटाला खरा आणि दुसऱ्याला नुसता दिखाऊ शेक दिला होता, आणि खऱ्या शेकाचा फायदा सहा महिन्यांनंतरही टिकला होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र फरक आढळला नाही आणि अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यानेही पुरावा कमकुवत ठरवला, हेही त्यांनी लपवले नाही.

सोबत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला दिला. तिसऱ्या आठवड्यात मी प्रथमच सलग झोपले आणि विसाव्या बैठकीपर्यंत मुंग्या क्वचितच उरल्या. यात शेकाचा वाटा किती, पट्ट्याचा किती आणि विरळणी संपून कात्री सुटल्याचा किती, हे मी प्रामाणिकपणे वेगळे काढू शकत नाही. एका बैठकीचे 300 रुपये, म्हणजे सहा हजार आणि बसभाडे वेगळे. म्हणून त्रास नुकताच सुरू झाला असेल तर आधी महिनाभर पट्टा वापरून पाहावा आणि तेवढ्याने भागले नाही तरच हा खर्च करावा, असे माझे मत आहे. अंगठ्याच्या बुंध्याचे मांस झडू लागले असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर शेकात दिवस न घालवता सर्जनकडे जावे.

माझी तक्रार आहे ती वेळेबद्दल. संध्याकाळच्या वेळा शहरातील नोकरदारांनी भरलेल्या असतात आणि दुपारी केंद्र बंद, त्यामुळे सकाळची बाग सोडून यावे लागते. दुपारी दोन तास उघडे ठेवले तर दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या बायकांना वीसही बैठकी पूर्ण करता येतील. मी हे त्यांच्या वहीत लिहून आले आहे.