चीज सॉसची बाटली उलटी धरून: आठ महिन्यांचा अनुभव

धाकट्या मुलीला सीलिॲक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतडं बिघडणारा आजार, असल्याचं कळलं आणि घरातल्या पोळ्यांबरोबर तिचा आवडता चीज पास्ताही बंद झाला. तांदळाचा आणि मक्याचा पास्ता बडोद्यात मिळतो, अडलं ते सॉसवर. त्यातून पहिले दोन-तीन महिने तिला दूधच सोसत नव्हतं. आतड्याचं अस्तर खराब झालं की दुधातली साखर पचवणारं विकरही कमी होतं, अस्तर भरून आलं की दूध चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तसंच झालं. मग मी सॉसच्या मागे लागले.

पहिल्याच दिवशी अलकापुरीतला दुकानदार मला म्हणाला, "बेन, चीझमां मेंदो क्यांथी आवे?" म्हणजे चीजमध्ये मैदा कुठून येणार? बिचाऱ्याचं चूक नव्हतं. चीज म्हणजे दूध, विरजण, दूध गोठवणारं रेनेट, मीठ. पण बाटलीवर 'चीज सॉस' असलं तरी आतला दाटपणा कशाचा आहे ते समोरच्या चित्रावरून कळत नाही. घरी आपण व्हाइट सॉस करतो तो लोण्यावर मैदा परतूनच ना?

पाण्यात कालवायची पावडर मी एकदाच आणली. घटकांच्या यादीत तिसऱ्याच नंबरावर मैदा. विषय संपला.

पिळायच्या बाटलीवर आम्ही सगळ्यात जास्त दिवस काढले. चव बरी, थोडी खारट, आणि गरम पास्त्यावर घातल्यावर फुटत नाही. यादीत 'मॉडिफाइड स्टार्च (१४४२)' असं होतं आणि त्या आकड्याने मला आठवडाभर छळलं. हा आकडा स्टार्चवर केलेली प्रक्रिया सांगतो, तो मक्याचा, टॅपिओकाचा की गव्हाचा ते सांगत नाही. १४२२ चंही तेच. ४१५ म्हणजे झँथन गम, त्याची काळजी नाही, ३३१ आणि ३३९ हे क्षार, तेही निर्धास्त. म्हणून आकड्यांत फार डोकं न घालता मी थेट ॲलर्जनची, म्हणजे ॲलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची ओळ शोधते. आपल्याकडच्या २०२० च्या लेबल नियमांप्रमाणे गहू, राय, जव, ओट असं ग्लूटेनवालं धान्य वापरलं असेल तर ते 'कंटेन्स' म्हणून वेगळं लिहावंच लागतं. माझ्या बाटलीवर तिथे फक्त दूध आणि सोया होतं. 'मे कंटेन व्हीट' लिहिलेलं मात्र मी परत ठेवते, कारण त्याच यंत्रावर मैद्याचा माल गेलेला असू शकतो. 'ग्लूटेन-फ्री' असं स्पष्ट छापलेलं मिळालं तर उत्तमच. ते लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

भावाने आणलेली अमेरिकेची बरणी चवीला सगळ्यांत भारी. पण तिथला ॲलर्जनचा कायदा गव्हाचं नाव घ्यायला लावतो, जवाचं नाही. त्यामुळे 'कंटेन्स व्हीट' दिसत नाही म्हणून हुश्श करायचं नाही, पूर्ण यादीत 'बार्ली' (जव) आणि बहुधा जवापासूनच केलेलं 'माल्ट' शोधायचं. आमच्या बरणीत नव्हतं.

सगळ्यात मोठा झटका सहाव्या महिन्यात. तीच पिळायची बाटली, तोच रंग, फक्त अंगावर हॅलपीनो मिरचीचं नाव. सवयीने पिशवीत टाकली आणि घरी येऊन वाचलं तर 'कंटेन्स व्हीट'. चूक माझीच, पण कुणीही फसेल इतक्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांच्या मागे एवढा फरक असेल तर तो कंपनीने पुढच्या बाजूला सांगायला काय हरकत होती? तेव्हापासून साधी बाटलीसुद्धा दर वेळी उलटी करून वाचते. "काही झालं तर पोट दुखेलच की" असं सासूबाई म्हणतात, पण सीलिॲकमध्ये काहीही न दुखता आतडं बिघडू शकतं, म्हणून तो हिशेब मी मानत नाही. टीटीजीची, म्हणजे सीलिॲकमधल्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी चालू आहे, आकडा उतरतोय. पण ती सॉसची पावती नाही, सगळ्या घराने पाळलेल्या पथ्याची आहे.

एक गंमत म्हणजे इतकं बघताना माझ्याच फोडणीतला हिंग निसटला होता. बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं! आता तांदळाच्या पिठातला आणते.

बाटली संपली की घरी करते: कपभर दूध, दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार दुधात कालवून, वर किसलेलं चीज. गुठळ्या होतात, धाकटी नाक मुरडते, पण खाते. बाटलीला मात्र लाल चिकटपट्टी लावून ती वरच्या कप्प्यात ठेवलीय, कारण तिचा दादा बाटलीचं तोंड थेट पावावर टेकवून पिळतो आणि पावाचा चुरा परत बाटलीला लागतो. त्याच्यासाठी वेगळी, स्वस्तातली आणून ठेवलीय.