पियानोच्या पट्ट्या जड झाल्यात? आधी निदान करणारा ट्यूनर शोधा

आमच्याकडे जपानहून आलेला सेकंडहँड यामाहा यू1 आहे, पार्ल्यात दोन पावसाळे काढल्यावर पट्ट्या इतक्या जड झाल्या की लेकीचं मनगट दुखायला लागलं. आधी एक जण आले, धड बघितलंही नाही आणि आत स्प्रेचं तेल मारून गेले, आठवडाभर बरं वाटलं मग होतं त्याहून वाईट. (तेल आतल्या फेल्टमध्ये, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या कापडात, मुरतं, कोणालाही मारू देऊ नका प्लीज.)

मग टीचरनी वांद्र्याचे एक जुने ट्यूनर सुचवले. काकांनी बॅग उघडायच्या आधी दहाची नाणी मागितली! उजवं पेडल दाबून धरायला लावलं, म्हणजे डॅम्पर (तारांवर टेकून आवाज थांबवणारे तुकडे) उचललेले राहतात आणि त्यांच्या स्प्रिंगचा भार मोजण्यात येत नाही, आणि मिडल सीच्या (कीबोर्डच्या मधोमध असलेल्या सी सुराच्या पट्टीच्या) पुढच्या कडेवर एकेक नाणं रचत गेले. पट्टी खाली जायला 11 नाणी लागली, एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ 85 ग्रॅम, आणि असायला हवेत साधारण 50-55. पेडल दाबूनही एवढं जड म्हणजे दोष डॅम्परचा नाही, हे तिथेच कळलं.

नंतर अख्खी अ‍ॅक्शन (पट्टी दाबली की हॅमर हलवणारी यंत्रणा) बाहेर काढून नुसत्या पट्ट्या हलवून बघितल्या, बऱ्याच अडकत होत्या. एक पट्टी उचलून मला दाखवली, भोकातलं लाल कापड दमटपणाने फुगून पिनला घट्ट बसलेलं आणि पिन काळपट पडलेली. खास पकडीने कापड हळूच दाबून प्रत्येक पट्टी मोकळी केली, पिना पॉलिश केल्या, 88 च्या 88. नऊ हॅमर (तारेवर आपटणारे हातोडे) परत यायला आळस करत होते, त्यांच्या बिजागरीच्या पिनेवर स्पिरिट आणि पाण्याचा थेंब सोडून रात्रभर वाळू दिलं, दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा तपासलं. त्यातले दोन तरीही सैल झाले नाहीत, तिथे पिनच बदलली.

आता त्याच पट्टीला सात नाणी पुरतात, आणि लेक हळू वाजवते तेव्हा आवाज खरंच हळू येतो, आधी हळू वाजवलं की सूरच निघत नव्हता.

वेळ मात्र लागतो, पूर्ण दोन दिवस धरा आणि फोन एका रिंगला उचलतील अशी अपेक्षा नको. जाताना दमटपणासाठी आत बसवायला पियानोचा हीटर रॉड सांगून गेलेत, आधी आम्ही त्यासाठी आत बल्ब लावून ठेवायचो तो त्यांनी स्वतः काढून हातात दिला.