नागपूरच्या धंतोलीतलं हे मेडिकल चौकशा करते, म्हणूनच मी इथून औषध घेते

या मेडिकलला दोन-तीन जणांनी एक स्टार देऊन लिहिलंय की उगाच चौकशा करतात, लेडीजला पर्सनल प्रश्न विचारतात, चिठ्ठीशिवाय साधी पिंपल्सची कॅप्सूल देत नाहीत. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिले. माझे पाच स्टार, आणि ते नेमके याच कारणासाठी.

आमच्या घरची जवळजवळ सगळी औषधं इथूनच येतात. सासूबाईंची बीपीची, नणंदेची फिटची, मामांची, आणि मागच्या वर्षी भाचीची. भाची म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी, इंजिनिअरिंगला आहे, गालापासून हनुवटीपर्यंत चेहरा गाठींनी भरलेला, नुसते पिंपल्स नाही, दुखणाऱ्या गाठी, फुटल्या की खड्डा पडायचा. पोरीनं कॉलेजात जाणंच सोडलं होतं, घरी पाहुणे आले तरी रूमच्या बाहेर यायची नाही. स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन नावाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. हे औषध १९८२ पासून वापरात आहे आणि जिथे बाकी सगळं करून थकतात तिथे हे खरंच लागू पडतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गरोदरपणात पोटात गेलं तर बाळाचे कान, चेहरा, हृदय, मेंदू, यातल्या कशातही मोठं व्यंग येऊ शकतं, आणि त्यासाठी महिनोन्महिने घ्यावं लागत नाही, थोड्या दिवसांचा डोसही पुरतो.

तर आम्ही तिघी चिठ्ठी घेऊन इथे आलो. संध्याकाळची गर्दी होती. फार्मासिस्ट मॅडमनी चिठ्ठी वाचली, कॅप्सूल लगेच काढल्या नाहीत, भाचीला फ्रीजच्या बाजूला जरा आत बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, शेवटची पाळी कधी आली, प्रेग्नन्सी टेस्ट केली का, डॉक्टरांनी गर्भ राहू नये म्हणून काय वापरायचं ते सांगितलं का. माझी बहीण तिच्या मागोमाग गेलीच होती, ती भडकली, म्हणे आमची पोरगी तशी नाही, लग्न व्हायचंय तिचं. मॅडम जराही चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, मी लग्न झालं का हे विचारलंच नाही. हे औषध घेणाऱ्या प्रत्येक बाईला मी हेच विचारते, कॉलेजच्या पोरीला पण आणि दोन लेकरांच्या आईला पण. माझं काम आहे ते." मग भाचीला समजावून सांगितलं की सुरू करायच्या आधी एक महिना, चालू असेपर्यंत आणि बंद केल्यावर आणखी एक महिना गर्भ राहता कामा नये, आणि औषध चालू असेपर्यंत व बंद केल्यावर महिनाभर रक्तदानही करायचं नाही, कारण ते रक्त कुठल्या गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही. ही रक्तदानाची गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आली नसती, आणि भाचीच्या कॉलेजात तर दरवर्षी कॅम्प असतो. कॅप्सूल मैत्रिणीला द्यायची नाही हेही बजावलं, कारण होस्टेलवर पोरी एकमेकींना क्रीम देतात तशा कॅप्सूलही देतात.

आता एक बारीक गोष्ट सांगते, जी मला फार मोठी वाटते. बहुतेक दुकानांत कात्रीनं स्ट्रिप कापून चार-सहा गोळ्या हातावर ठेवतात. कापली की औषधाचं नाव अर्धं इकडे अर्धं तिकडे, एक्सपायरी गेली दुकानदाराकडे, आणि गरोदर बाईनं घेऊ नये हा जो इशारा छापलेला असतो तो नेमका उरलेल्या तुकड्यावर. इथे ही असली औषधं कापून देतच नाहीत. पूर्ण स्ट्रिप, खोक्यासकट, आतल्या कागदासकट. खोक्यावरच्या इशाऱ्याभोवती मॅडम पेनानं गोल करतात आणि तो वाचायला लावतात. पैसे थोडे जास्त एकदम द्यावे लागतात हे खरं आहे, पण मी देते.

भाचीचा कोर्स झाला, चेहरा साफ झाला, ओठ मात्र इतके फाटायचे की लिप बाम सतत पर्समध्ये, आणि नागपूरच्या मे महिन्यात हे औषध चालू असताना दुपारी बाहेर पडायचं म्हणजे तोंडाला दुपट्टा बांधूनच. लिव्हरची आणि चरबीची रक्ततपासणी मधे मधे डॉक्टर करायला लावायचे. ते सगळं परवडलं.

आता नणंदेची गोष्ट, ही जास्त नाजूक होती. तिला शाळेत असल्यापासून फिट येतात आणि इतकी वर्षं व्हॅल्प्रोएट या फिटच्या गोळीवर तिची तब्येत उत्तम. लग्न ठरलं तेव्हा ती नेहमीसारखी गोळ्या घ्यायला आली होती, बोलता बोलता तारीख सांगितली. मॅडमनी विचारलं, न्यूरोवाल्या डॉक्टरांना लग्नाचं सांगितलं का? नव्हतं सांगितलं, कोण सांगते हो, आपल्याला वाटते फिटचा आणि लग्नाचा काय संबंध. मॅडमनी तिला बसवून सांगितलं. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मतः काही ना काही मोठं व्यंग असतं, व्हॅल्प्रोएट चालू असताना ते शंभरात दहाच्या आसपास जातं, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं, आणि वरून शंभरातल्या तीस-चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात अडचण येऊ शकते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाचा मेंदू आणि मणक्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून बनतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकली हे बाईच्या लक्षात येईपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं. म्हणून बदल करायचा तो आधी, पाळी चुकल्यावर नाही.

पण हे सांगून मॅडम थांबल्या असत्या तर मी त्यांना एवढे गुण दिले नसते. त्यांनी पुढचं वाक्य दोनदा सांगितलं, की गोळी आज रात्री बंद करायची नाही. अचानक बंद केली तर इतकी वर्षं थांबलेली फिट परत येऊ शकते, लागोपाठ येत राहिली तर जीवावर बेतेल. त्यांनी त्या दिवशीच्या गोळ्या दिल्या आणि चिठ्ठीमागे डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून दिलं. डॉक्टरांनी मग काही महिने घेऊन हळूहळू तिला लेव्हेटिरॅसिटॅम या फिटच्या दुसऱ्या गोळीवर आणलं, फॉलिक अॅसिड हे व्हिटॅमिन ५ मिलिग्रॅम सुरू केलं. आता कोणी म्हणेल फॉलिक घेतलं की झालं, तर तसं नाही, फॉलिकनं व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला जात नाही, हेही मला इथेच कळलं. आणि काही बायकांची फिट व्हॅल्प्रोएटशिवाय आटोक्यात येतच नाही, त्यांचं काय करायचं ते डॉक्टर आणि ती बाई मिळून ठरवतील, शेजारणीनं आणि सासूनं नाही.

मामांचं औषध म्हणजे थॅलिडोमाइड. हो, तेच बदनाम औषध. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेची, मळमळीची एकदम निर्धोक गोळी म्हणून बाजारात आलं, चिठ्ठीशिवाय काउंटरवर मिळायचं, नोव्हेंबर १९६१ ला तिथे मागे घेतलं, पण त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांवर बाळं हातापायांच्या आणि इतर व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई औषध खात्यात होत्या, कंपनी मागे लागली होती तरी आणखी पुरावे आणा म्हणून त्यांनी मंजुरी अडवून धरली. आज तेच औषध मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर आणि कुष्ठरोगातल्या एका त्रासदायक रिअॅक्शनवर वापरतात, आणि लोकांना त्याचा फायदा होतो. मामांना मायलोमा आहे.

इथल्या काउंटरवरच्या काकांनी मामांना बाजूला नेऊन साठीच्या माणसाला जसं सांगावं तसं नीट सांगितलं की हे औषध वीर्यात उतरतं, कंडोम वापरायचा, नसबंदी झाली असली तरी वापरायचा. मामा लाजले, पण ऐकलं. नंतर काकांनी विचारलं, आठवड्याच्या डबीत गोळ्या कोण भरून देते? सून भरून द्यायची, आणि सून पाच महिन्यांची गरोदर! तिनं या कॅप्सूलला हातच लावायचा नाही, फुटलेल्या तर अजिबात नाही, असं काकांनी लगेच सांगितलं. तेव्हापासून मामी भरतात. एवढा प्रश्न मोठमोठ्या ठिकाणी कोणी विचारला नव्हता.

बाकी थोडक्यात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या पाकिटावर इथे मोठ्या अक्षरात 'फक्त सोमवार' लिहून देतात, कारण ती गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, आणि मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून थांबवावी लागते. बीपीच्या रामिप्रिल, एनालाप्रिलवर असलेल्या तरुण बायकांनाही विचारतात, त्यानं बाळाच्या किडन्यांवर परिणाम होतो.

उलट बाजूही पाहिली आहे. दुसऱ्या एका दुकानात माझ्यासमोर एका पोरीनं मैत्रिणीच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर दाखवला आणि काउंटरवरच्या पोट्ट्यानं तीच आयसोट्रेटिनॉइन कापून कागदी पाकिटात टाकून दिली. काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, वर दहा टक्के डिस्काउंट दिला. ज्यांनी इथे एक स्टार दिलाय त्यांना कदाचित असंच पाहिजे असेल. मला नाही पाहिजे. माझ्या भाचीच्या वयाच्या पोरी आहेत त्या.

तक्रारी माझ्याही आहेत. पार्किंग नाहीच, धंतोलीत कुठेच नसते, गाडी लांब लावून चालत या. संध्याकाळी सातनंतर वेळ लागतो कारण मॅडम एकेकाशी बोलतात. रविवारी मॅडम नसतात, फक्त काका असतात, त्यामुळे बायकांनी पहिल्यांदा येताना इतर दिवशी या. डिस्काउंट फारसा नाही. आणि चिठ्ठी ओरिजिनल आणा, फोटो चालत नाही, चालू असलेली सगळी औषधं सोबत आणली तर आणखी चांगलं, आयुर्वेदिक आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यासुद्धा, कारण आयसोट्रेटिनॉइनसोबत व्हिटॅमिन ए चालत नाही आणि हे मॅडम पिशवी उघडून बघतात.